मराठवाड्यातल्या अंगणवाडीच्या लेकरांना उन्हाळ्यात पाण्यात खेळू द्या : महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. मागणी आधी सांगते, कारणं मागून. मार्च ते जून मराठवाड्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत रोज सकाळी वीस-पंचवीस मिनिटं लेकरांना पाण्यात खेळू द्यावं. हे वेळापत्रकात लेखी यावं, आणि त्याला लागणारं थोडंसं पाणी, सावली आणि देखरेखीला दुसरं माणूस यांची सोय शासनाने करावी.

मराठवाड्यात पाण्याचा खेळ म्हटलं की कपाळाला आठ्या पडणार, हे मला माहीत आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते आम्ही विसरलेलो नाही. मागे एकदा पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी ओली लेकरं बघून मला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, "इथं माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही पोरांना खेळायला देता?" त्यानंतर बरेच दिवस आमची घमेली पालथी पडून होती. लेखी आदेश हवा तो यासाठीच. तोंडी परवानगी पहिल्या रागावण्यात विरून जाते.

तर आधी पाण्याचा हिशोब. खेळाला दोन घमेली पुरतात. ती काठोकाठ भरायची नसतात. दोन्ही मिळून वीस-पंचवीस लिटर पाणी लागतं, आणि पंचवीस लेकरं पाळीपाळीने त्यात खेळतात. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या एका माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे एका माणसाच्या वाट्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात अख्खी अंगणवाडी खेळून होते. खेळून झाल्यावर ते पाणी परसबागेतल्या शेवग्याला आणि कढीपत्त्याला जातं. झाडांना ते एरवीही द्यावंच लागलं असतं. वाटेत लेकरांच्या हातातून गेलं, एवढंच.

पाऊस लांबला की आपल्या गावांत धोंडी निघते. लेकराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधतात, ते दारोदार फिरतं आणि घरोघरच्या बाया त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. हे होतं ते ज्या वर्षी विहिरी कोरड्या पडलेल्या असतात त्याच वर्षी. घागरीत तळाला पाणी असतानाही गावाने लेकराच्या डोक्यावर ओतायला तांब्याभर पाणी काढलेलंच आहे. त्यामुळे गावातल्या बाया याला विरोध करतील ही भीती कुणी दाखवली तर माझा विश्वास बसणार नाही. माझ्या माता बैठकीत पाण्याच्या नासाडीचं कुणी बोललं नाही. विचारलं ते सर्दीचं. त्यावर घरून एक जुना सदरा आणून ठेवायचा, असं ठरलं.

आता उन्हाळ्यात अंगणवाडीत काय होतं ते सांगते. एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो, मेमध्ये परभणी-नांदेडकडे त्याच्याही वर जातो. शाळांना सुट्टी लागते, अंगणवाडी चालू असते. अनेक ठिकाणी वर पत्रा आहे आणि दहा वाजताच खोली तापते. त्या खोलीपेक्षा बाहेर लिंबाखाली बरं असतं. लहान लेकराचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं आणि त्याला तहान लागली तरी खेळाच्या नादात ते पाणी मागत नाही. कोपरापर्यंत हात आणि पाय ओले असले, वर थोडा वारा असला, की लेकरू लगेच शांत होतं. चिडचिड, मारामारी, रडणं कमी होतं. हे मी रोज बघते.

आणि उन्हाळ्यातच आमच्याकडे लेकरं वाढतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली लेकरं गुढीपाडव्याच्या आगेमागे गावी परततात. चार-पाच महिने ती उसाच्या फडावर आणि कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, काढून आलेली असतात. पहिले काही दिवस ती भिंतीला टेकून बसतात. गाणं म्हणत नाहीत, चित्राच्या तक्त्याकडे बघत नाहीत. त्यांना बोलतं करायला पाण्याच्या घमेल्याएवढं दुसरं काही उपयोगी पडत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यात बरोबर-चूक काही नसतं. कुणी काही विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यातला एक खेळ लिहिते. लिंबाखाली दोन विटांवर घमेलं ठेवलं होतं. एका मुलाने पपईच्या पानाची पोकळ दांडी घेतली आणि तो म्हणाला, "टँकर आला." लगेच सगळ्यांनी डबे, करवंट्या, बाटल्यांची रांग लावली. एक साडेचार वर्षांची मुलगी रांगेबाहेरून आली आणि तिने आपला डबा मध्येच ठेवला. भांडण झालं. मी उठले नाही. दुसरी एक मुलगी, जी फडावरून येऊन आठवडाही झाला नव्हता आणि तोवर एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "तिच्या घरी बाळ हाय, तिला आधी द्या." आणि टँकरवाल्याने दिलं. मी कितीही गोष्टी सांगितल्या असत्या तरी त्या लेकरांना वाटून घेणं इतकं पक्कं कळलं नसतं.

शिकणं म्हणाल तर तेही आहे. उंच पेल्यातलं पाणी पसरट ताटलीत ओतलं की चार वर्षांचं लेकरू म्हणतं, पाणी कमी झालं. पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी दाखवून दिलं. पाणी तेवढंच आहे, हे साधारण सहा-सात वर्षांच्या पुढे उमगतं आणि त्यासाठी हाताने शंभरदा ओतून बघावं लागतं. ज्वारीच्या धांड्याचा तुकडा तरंगतो, चिंचोका बुडतो, करवंटी तरंगते पण पाणी भरलं की बुडते. फडकं पिळताना बोटांत जी ताकद येते, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. ओल्या कुंचल्याने भिंतीवर काढलेलं घर बघता बघता वाळून जातं, आणि लेकरं विचारतात, "बाई, कुठं गेलं?" याला खर्च शून्य. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं. विकतच्या खेळण्यांऐवजी अवतीभवतीच्या वस्तू लेकरांच्या हाती दिल्या.

पाणी म्हटलं की धोकाही आला. त्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आदेश निघाला तर त्यात हा भाग आधी हवा. दोन इंच पाण्यातही लहान लेकरू तोंडावर पडलं तर जीव जाऊ शकतो, आणि आवाजही होत नाही. म्हणून घमेल्यात पाणी चार बोटंच, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही. घमेलं विटांवर, म्हणजे लेकरू उभं राहून खेळेल, आत बसणार नाही. एका घमेल्याभोवती पाच-सहाच लेकरं, बाकीची मदतनिसाजवळ कुंचले घेऊन भिंतीशी. पाणी मांडलेलं असेपर्यंत दोन मोठी माणसं हजर, आणि त्यातल्या एकीचं काम फक्त बघणं. जिथे मदतनीस आहार शिजवते, तिथे चूल पेटायच्या आधी खेळ उरकायचा. जिथे मदतनिसाचं पद रिकामं आहे, तिथे ते भरेपर्यंत किंवा गावातली एखादी आई रोज येईपर्यंत पाणीखेळ नको, असंही आदेशात स्पष्ट लिहा.

कृपा करून या खेळाचे फोटो मागू नका. मोबाईलवर आधीच हजेरी, वजन, उंची, आहार सगळं भरायचं असतं. पाण्याजवळ उभ्या असलेल्या बाईच्या हातात मोबाईल नसावा.

लेकरं खेळता खेळता पाणी पितातच, कितीही सांगा. तेव्हा पाणी पिण्याच्याच टाकीतलं, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेलं हवं, आणि खेळाआधी प्रत्येकाला पेलाभर प्यायला द्यायचं. छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी तापलं की हाताला चटका देतं, ते आधी बाईने हात घालून बघायचं. जुलाब किंवा खरूज असलेलं लेकरू त्या दिवशी कुंचला घेऊन भिंतीशी. खेळ संपला की घमेली रिकामी करून पालथी. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. उष्णतेच्या लाटेचा इशारा असेल तर बाहेर जायचंच नाही, आत ओल्या फडक्याचा खेळ.

शेततळ्यांचं इथेच सांगते. आत प्लास्टिकचा कागद असतो, तो निसरडा असतो, आणि एकदा घसरलेल्या लेकराला काठ धरता येत नाही. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. लेकरू मेच्या उन्हात पाण्याकडे ओढलं जाणारच. घमेल्याशी रोज उभं राहून ते एक गोष्ट शिकतं. बाई आल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. हा नियम सवयीचा व्हायला रोजचा सराव लागतो, भिंतीवरच्या घोषणेने तो होत नाही.

पैशाचं फार नाही. दोन घमेली, हिरवी शेडनेट, चार बांबू. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, त्यातून हे बसतं. फक्त आपल्याकडून आणि ग्रामविकास विभागाकडून एकत्र पत्र जायला हवं, नाहीतर ग्रामपंचायत अधिकारी आमच्याकडे बोट दाखवतो आणि आमचं कार्यालय त्याच्याकडे. पाण्याचंही तसंच. शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्याची १०० दिवसांची मोहीम २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली आणि नळ आले. पण विहीर आटली की नळ कोरडा. म्हणून टंचाई आराखड्यात प्रत्येक अंगणवाडीची मागणी वेगळी धरा. पिण्याचं, स्वयंपाकाचं आणि हे पंचवीस लिटर. टँकर गावात येतो तेव्हा पहिलं टिपाड अंगणवाडीचं भरावं.

परिपत्रक फेब्रुवारीत निघालं तर मासिक बैठकीत पर्यवेक्षिका ते समजावून सांगतील, ग्रामपंचायतीचा ठराव मार्चमध्ये होईल, आणि ऊसतोडीहून लेकरं परत येईपर्यंत जाळी बांधून झालेली असेल. एप्रिलमध्ये निघालं तर या वर्षीचा उन्हाळा गेलाच.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
बीड जिल्हा