डोळ्यांच्या थेंबांची बाटली पोरांच्या हाती नको

महोदय,

तासगावात माझे औषधांचे दुकान आहे. बेदाण्याच्या हंगामात शेडवरच्या बायका गंधकाच्या धुरीने लालबुंद झालेले डोळे घेऊन येतात आणि ‘लाली घालवणारे थेंब द्या’ म्हणतात. अशा बऱ्याच थेंबांत नॅफॅझोलिन असते. ते डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून लाली जाते. (रोज घातले तर लाली उलट वाढते, ते वेगळेच.)

पण हेच औषध लहानग्याच्या पोटात गेले, तर मूल सुस्तावते, नाडी मंदावते, अंग गार पडते, श्वास अडखळतो. बेशुद्धीही येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. एक-दोन मिलिलिटरही घातक ठरू शकते. आणि आमच्याकडे दहा मिलिलिटरची बाटली झोळीशेजारी पडलेली असते!

मुलाने थेंब गिळले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा, मूल हसत-खेळत असले तरी.

पोरांना उघडता येणार नाही असे झाकण आणि मराठीत ठळक इशारा, एवढे तरी अन्न व औषध प्रशासनाने कंपन्यांकडून करून घ्यावे.

– एक औषधविक्रेती, तासगाव (जि. सांगली)