फ्लूच्या साथीची तयारी : रविवारची बैठक

सभासद डॉक्टरांनो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्या सभागृहात. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात नोंदला गेला, तेव्हा नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगेत साधी सर्दीवालेही उभे होते. तसं पुन्हा नको, म्हणून केंद्र सरकारच्या अ, ब, क वर्गवारीची (फ्लूच्या रुग्णांची लक्षणांच्या तीव्रतेनुसार विभागणी) उजळणी करू.

येताना आणा :
- रोजच्या तापाच्या रुग्णांचा आकडा
- ऑसेल्टामिवीर (फ्लूवरचं औषध), मास्कचा साठा (पट्टी उलटून मुदत बघा!)
- स्वतःची आणि कंपाउंडरची यंदाची फ्लूची लस झाली का, त्याची नोंद

‘क’ म्हणजे धाप, छातीत दुखणं, नखं निळी. अहवालाची वाट न बघता थेट भरती. यावर वाद नको.

चहा आहे, नाश्ता घरून करून या.

– सचिव