दात्याच्या खाटेशेजारच्या सिस्टर, तुमचे आभार

प्रिय सिस्टर,

मेंदूमृत दात्याचं यकृत मुंबईत कुणाला मिळालं की पेपरात ग्रीन कॉरिडॉरची बातमी येते. पण ते यकृत काढण्याजोगं राहतं ते त्याआधीच्या बारा-पंधरा तासांत तुम्ही आयसीयूत केलेल्या कामामुळे. ते काम नेमकं काय असतं हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून आम्ही, यकृत प्रत्यारोपण करणारं पथक, हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

१९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाला मेंदूमृत्यूच्या तपासण्या दोनदा कराव्या लागतात, मध्ये किमान ६ तास सोडून. त्यातली ॲप्निया टेस्ट, म्हणजे माणूस आपणहून श्वास घेतो का हे बघणारी तपासणी, तुमच्या तयारीवर चालते. आधी १० मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४० च्या आसपास आणलेला. मग व्हेंटिलेटर काढून श्वासनलिकेतल्या ट्यूबमधून ऑक्सिजनची बारीक नळी, आणि ८ ते १० मिनिटं छातीवर नजर. एबीजीत (रक्तातल्या वायूंच्या तपासणीत) कार्बन डायऑक्साइडचा आकडा ६० च्या वर गेला आणि छाती हललीच नाही, तर टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे मेंदूमृत्यूकडे बोट दाखवणारी. शरीर थंड असेल तर हा आकडा फार हळू चढतो. मेंदूतलं तापमानाचं केंद्र तर बंद पडलेलं असतं, त्यामुळे एसीच्या गारठ्यात वॉर्मर लावून ३६ अंश टिकवायचं ते तुम्हीच.

पण आम्ही सगळ्यात जास्त ऋणी आहोत ते दर तासाला युरोबॅग (लघवीची पिशवी) बघण्याबद्दल. मेंदूमृत्यूनंतर बहुतेकदा मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून व्हासोप्रेसिन हे पाणी धरून ठेवणारं संप्रेरक येणं थांबतं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत, आणि पाण्यासारखी लघवी तासाला ३००-४०० मिली होऊ लागते. आकडा नुसता लिहून ठेवला आणि सकाळच्या राउंडला सांगितला, तर तोवर सोडियम (रक्तातल्या मिठाचा आकडा) १६० च्या पुढे निघून गेलेलं असतं. तुम्ही तसं करत नाही. सलग दोन तास आकडा वाढलेला दिसला की ड्यूटीवरच्या रजिस्ट्रार डॉक्टरला झोपेतून उठवता. मग व्हासोप्रेसिनचा पंप किंवा त्याच्यासारखंच डेस्मोप्रेसिन हे औषध सुरू होतं, रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) साधं पाणी जातं, दर ४ ते ६ तासांनी सोडियम-पोटॅशियम लॅबला जातं. गेलेल्या लघवीची भरपाई नुसत्या नॉर्मल सलाइनने (मिठाच्या पाण्याने) केली तर सोडियम आणखी चढतं. डेक्सट्रोज (साखरेचं सलाइन) जास्त झालं तर साखर वाढते, आणि वाढलेली साखर पुन्हा लघवी वाढवते. पहाटे तीन वाजता हा हिशेब चुकवून चालत नाही.

सोडियमचा एवढा आग्रह का, हे हँडओव्हरमध्ये (ड्यूटी बदलताना) कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. खारट रक्तात राहिलेल्या यकृतपेशी तोल राखायला स्वतःच्या आत विद्राव्य कण साठवून घेतात. ज्याला यकृत बसवायचं त्या सिरोसिसच्या (यकृत निकामी झालेल्या) रुग्णाचं सोडियम पुष्कळदा १३० च्याही खाली असतं. त्याच्या शरीरात असं यकृत बसवलं की पाणी पेशींत घुसतं, पेशी फुगतात आणि यकृत पहिल्या दिवसापासून काम करायला कुरकुरतं. म्हणून सोडियम १५५ च्या खाली हवं, असं आम्ही फोनवर पुन्हापुन्हा म्हणतो.

रक्तदाबाचंही तसंच. मीन प्रेशर (सरासरी रक्तदाब) ६५ च्या वर हवं, पण रक्तदाब चढवणारं नॉरॲड्रेनलिन जमेल तितकं कमी, कारण डोस फार वाढला की आतड्यांकडचा आणि पर्यायाने यकृताकडचा रक्तप्रवाह आखडतो. डोस कमी करत आणणं हे नुसता पंप वाढवण्यापेक्षा कितीतरी कठीण काम आहे.

बर्फाच्या पेटीत ४ अंशांवर यकृत ८ तास चांगलं राहतं, फार ताणलं तर १२. विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउथर्ड यांनी तयार केलेल्या द्रावणामुळे ही मुदत वाढली, पण आधीच दमलेलं यकृत कुठलंच द्रावण ताजं करू शकत नाही. यकृत काढण्याआधीची ती वेळ फक्त तुमच्या हातात असते.

या सगळ्यात तुम्ही पापण्या मिटवून डोळे ओले ठेवता, कारण कॉर्निया, म्हणजे डोळ्यांवरची पारदर्शक पटलंही, कुणाला तरी मिळायची असतात. सक्शन करता, कूस बदलता, आणि नातेवाईक आत आले की पडदा ओढून त्यांना त्यांच्या माणसाजवळ बसू देता. त्यांना घाई वाटू नये म्हणून तुम्ही किती जपता, हे आम्हांला ठाऊक आहे. तुमच्याबरोबर राबणाऱ्या मावशींचे आणि वॉर्डबॉय मामांचेही आभार.

सायनला झेडटीसीसीकडे (अवयववाटपाच्या विभागीय केंद्राकडे) माहिती जाते ती तुमच्या चार्टवरून. यकृत स्वीकारायचं की नाही हे ठरवताना आमच्यासमोरही तोच चार्ट असतो: रात्री २, ३, ४, ५, सगळे रकाने भरलेले, लघवी, सोडियम, तापमान, डोस. त्या प्रत्येक रकान्यासाठी मनापासून आभार.

आपले,
मुंबईतलं एक यकृत प्रत्यारोपण पथक