डायर स्ट्रेट्सची जुनी एलपी घेण्याआधी

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीत संग्रही ठेवाव्यात अशा रॉक अल्बमची यादी आली होती ती वाचली, मराठी पेपरात गिटारवाल्यांना एवढी जागा मिळाली यातच निम्मं पोट भरलं. पण त्यात सरसकट ‘एलपीच (सुईने वाजवायची मोठी तबकडी) घ्या’ असं म्हटलंय ते काही पटलं नाही.

मी नौपाड्यात राहतो, जमवाजमव कॅसेटपासूनची, मग काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून सीडी घ्यायचो, ते २०१६ला बंद झालं आणि त्यानंतर मला हे एलपीचं वेड लागलं. यादीत डायर स्ट्रेट्सचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) वरच्या नंबरात आहे आणि अल्बम आहेच तसा, पण त्याची जुनी एलपी मी चांगले पैसे मोजून घेतली, घरी आणून लावली, तर पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ‘व्हाय वरी’, ज्यात शेवटी बँडचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लरची गिटार नुसती संथ चालत राहते, तो भाग नीट सुरू होतोय न होतोय तोच सुई लेबलाकडे निघाली! मला वाटलं सुई घसरली, तीनदा लावून बघितलं, शेवटी सीडी काढून घड्याळ लावलं तेव्हा कळलं, सीडीवर ते साडेआठ मिनिटं आहे आणि एलपीवर साडेपाचच्याही आत. बाकीही दोन-तीन गाण्यांना कात्री लागलीये. विकणाऱ्याचा काही दोष नाही, ती एलपी निघालीच तशी. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं नीट मावतात, त्याहून जास्त कोंबलं की खाचा दाटीवाटीने काढाव्या लागतात, आवाज दबतो, बेस, म्हणजे खालचे खर्जातले सूर, तर आधी जातो. तेव्हा हा अल्बम सीडीवरच घ्या, किंवा नंतर निघालेली दोन तबकड्यांची आवृत्ती बघा.

उलट पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) एलपीवरच ऐकावा. पहिली बाजू संपते, आपण उठून तबकडी उलटतो, आणि खणखण नाणी वाजत ‘मनी’ सुरू होतं. माझी आई भजनी मंडळातली, तिला हे सगळं गोंगाट वाटतं, पण ‘मनी’ लागलं की स्वयंपाकघरातून ओट्यावर बोटं वाजवत म्हणाली, अरे हे सात मात्रांचं आहे की. आहेच ते सातात! मग फ्लॉइडचा गिटारवादक गिलमोरचा गिटार सोलो येतो आणि गाणं चारात जातं, तिथे तिची बोटं थांबली, म्हणाली आता बिघडवलं. माझी प्रत कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली भारतीय प्रेसिंग, म्हणजे इथेच छापलेली तबकडी, आहे, लोक तिला नाकं मुरडतात, अल्बमच्या सुरुवातीला हृदयाचे ठोके आहेत त्यांत थोडी चरचर येते खरी पण मला चालते.

आणि ब्लॅक सॅबथ यादीत नाही हे कसं काय? त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या मशीनमध्ये गेली, तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. प्लास्टिकची टोपणं करून बोटांवर चढवली, पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवले, ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त (१९७१) तो जडशीळ आवाज ऐकायला मिळतो. दोन्ही बाजू मिळून जेमतेम ३४ मिनिटं, म्हणजे एलपीवर ऐसपैस.

पुढच्या भागात ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी पावसाळ्याचंही छापा. जुलैत कव्हरला बुरशी धरते, माझं ‘लेड झेपेलिन फोर’चं कव्हर तसंच गेलं, त्यावर छापलेल्या, भिंतीवर टांगलेल्या चित्रातल्या मोळीवाल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर आता खरंच शेवाळ आहे. एलपी आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, आणि बाहेरच्या भिंतीला लागून तर नकोच.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)