उद्देशाबाहेरच्या ठरावाला आव्हान : रविवारी सह्या

भागधारक सभासदहो,

सभेत बहुमताने झालेला ठराव मेमोरँडममध्ये (कंपनीच्या स्थापनेच्या दस्तऐवजात) लिहिलेल्या उद्देशांबाहेरचा आहे. त्याला आव्हान द्यायला येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या सभागृहात, कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४५ खालील (भागधारकांच्या सामूहिक दाव्याच्या) अर्जावर सह्या घेऊ. अर्ज राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाईल.

– १०० भागधारक किंवा एकूण भागधारकांच्या ५ टक्के, यांत जो आकडा कमी तो लागतो. नाहीतर, आपली कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध असल्याने, सह्या करणाऱ्यांकडे मिळून २ टक्के भागभांडवल असलं तरी चालतं.
– ताजं डिमॅट स्टेटमेंट आणि पॅनची प्रत आणा.
– मेमोरँडममधलं उद्देशकलम आनुषंगिक (मुख्य उद्देशाला पूरक कामांच्या) पोटकलमांसकट वाचून या. व्यवहार त्यांत बसतो म्हणत कंपनीचा वकील तिथेच बोट ठेवेल.

‘सभेत बहुमत झालं, आता काय?’ असं म्हणून कृपया घरी बसू नका. उद्देशाबाहेरचा व्यवहार सगळ्यांनी हात वर केले तरी वैध होत नाही. इंग्लंडमधल्या ॲशबरी रेल्वे कंपनीच्या खटल्यात १८७५ मध्येच हे ठरलंय. मात्र पैसे गेल्यावर वसुली कठीण, म्हणून मनाई (व्यवहार थांबवण्याचा आदेश) आधीच मागायची.