मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे

संपादक महोदय,

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत बनवलेल्या संकेतस्थळावर मराठी मजकुराऐवजी ‘????’ दिसले की अनेकजण फॉन्ट बदलत बसतात. फॉन्टचा इथे काही संबंध नाही. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठली असतील तर मूळ अक्षरे गेली. बॅकअपशिवाय ती परत मिळत नाहीत. रोमन अक्षरांची निरर्थक गिचमिड दिसत असेल, तर मजकूर बहुधा वाचवता येतो, म्हणून घाईने काही पुसू नका! दोष बहुतेकदा पीएचपी आणि डेटाबेस यांच्या जोडणीत असतो. डेटाबेसमधील टेबलाचा कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) ‘यूटीएफ८एमबी४’ असला तरी पीडीओ या पीएचपीच्या जोडणी-साधनाच्या जोडणी-ओळीतही तोच लिहावा लागतो. मायएसक्यूएलआय या दुसऱ्या जोडणी-साधनात जोडणी होताच ‘सेट_कॅरसेट’ ही आज्ञा वापरावी. मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीचे जुने ‘यूटीएफ८’ एका अक्षराला ३ बाइटच देते. देवनागरी त्यात मावते, ४ बाइटची इमोजी मावत नाही.

– एक वाचक