फर्माची सहावी संख्या

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

एवढ्या मोठ्या आकड्यांत बघण्यासारखं असतं तरी काय, असं तू विचारलंयस. एकच आकडा घे : ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १.

फ्रान्समधल्या तुलूझच्या फर्मा या गणितीने १६४० मध्ये म्हटलं होतं, की २ चा घात १, २, ४, ८ असा दुप्पट करत न्या, दरवेळी १ मिळवा. येईल ती संख्या मूळच असणार. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाची मूळ आहेतच. सहावी ही आपली. सिद्धता त्याच्याकडे नव्हती, खात्री मात्र पक्की होती. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितीने पत्रातून ऑयलर या दुसऱ्या गणितीला याबद्दल विचारलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने सांगून टाकलं, की हिला ६४१ ने भाग जातो. भागाकार ६७,००,४१७.

तिथे पोचायची जी वाट ऑयलरने पुढे लिहून ठेवली, तिच्यावर माझा खरा जीव आहे. समजा, 'प' या मूळ संख्येने आपल्या आकड्याला भाग जातो. मग 'प' ने भागलं की २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ (म्हणजे १ मिळवला की पूर्ण भाग जातो), म्हणून ६४ व्या घाताची बाकी १. त्याआधी कुठेच १ येत नाही. आता फर्माचाच सिद्धांत सांगतो, की २ च्या (प − १) व्या घाताची बाकीही १ असते. पण बाकी १ येते ती फक्त ६४ च्या पटीतल्या घातांना, म्हणजे प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा! ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या बघ : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारालाच गाठ पडते. हा सिद्धांतही फर्माने १६४० मध्येच पत्रातून कळवला होता. हत्यार त्याच्या हातात होतं रे, याची मला फार हळहळ वाटते.

आणि दहा आकडी भागाकार न करताही खात्री पटते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. ६४१ ने भागलं की ६४० ची बाकी −१, त्याच्या चौथ्या घाताची १. तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. पण ६२५ म्हणजे ६४१ वजा १६, तेव्हा ६२५ च्या जागी −१६ घे. उरतो २ चा ३२ वा घात, पण उणे चिन्हासह, आणि बाकी तीच १. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य. संपलं. पाच ओळींत एवढा मोठा आकडा फुटतो!

या माळेत ६५५३७ नंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही.

६७,००,४१७ मूळ आहे हे मात्र तूच तपास. २५८८ च्या पुढे जायचं कारण नाही, आणि तिथवर ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या फक्त ४० आहेत; त्यातल्याही बऱ्याचशा मूळ नसल्याने गळतात. ६४१ ने पुन्हा भागून बघायला विसरू नकोस. कागद पाठव, मी वाट बघतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक